बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर लिव्हर आणि पोट बिघडलं तर : जवळ बसणाऱ्यांसाठी सविस्तर

स्टेम सेल्सची पिशवी चढली की घरातल्या सगळ्यांना वाटतं सुटलो, झालं एकदाचं. पण पिशवी चढणं हा या सगळ्यातला सगळ्यात साधा भाग असतो, रक्त चढवतात तसंच. खरी परीक्षा पुढच्या तीन-साडेतीन महिन्यांत असते आणि त्यातला बराचसा गोंधळ पोटात होतो, म्हणजे तोंडापासून खाली गुदद्वारापर्यंतची सगळी नळी आणि लिव्हर. हा लेख पेशंटजवळ बसणाऱ्यांसाठी आहे. निदान करणं तुमचं काम नाहीच, ते डॉक्टर करतील, पण डॉक्टर राउंडला येऊन पाच-दहा मिनिटं बघतात आणि तुम्ही दिवसभर तिथे असता, त्यामुळे तुम्ही काय बघितलं आणि ते कसं सांगितलं याने खूप फरक पडतो. "जरा पोट बिघडलंय" आणि "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत ९०० मिली जुलाब झाले, हिरवट पाण्यासारखे, रक्त नाही, पोटात कळ येते" या दोन वाक्यांवर डॉक्टर वेगवेगळे निर्णय घेतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा : ट्रान्सप्लांटमध्ये तोच त्रास वेगळ्या दिवशी आला की त्याचा अर्थ बदलतो. सहाव्या दिवशीचे जुलाब बहुतेक केमोचे असतात, पस्तिसाव्या दिवशी तसेच जुलाब लागले तर जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) किंवा इन्फेक्शन असू शकतं, आणि या दोघांची औषधं जवळपास उलट्या दिशेची आहेत. काविळीचंही तसंच. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा दिवस, वजन आणि जुलाब या तिन्हींचा हिशोब ठेवा.

पायरी १ : दिवस मोजायचे आणि जुनी माहिती जमवायची

सेल्स चढवले तो दिवस शून्य. त्याआधीचे केमोचे दिवस उणे, नंतरचे अधिक. हॉस्पिटलमध्ये सगळे "प्लस टेन", "प्लस थर्टी" असंच बोलतात, तुम्हीही तसंच लिहा. दुसरं म्हणजे ट्रान्सप्लांट कुठल्या प्रकारचा आहे, पेशंटच्या स्वतःच्याच पेशी परत दिल्यात म्हणजे ऑटोलोगस, की डोनरच्या म्हणजे अ‍ॅलोजेनिक. डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात तो जीव्हीएचडी, आणि तो प्रामुख्याने अ‍ॅलोचाच प्रश्न आहे, ऑटोवाल्यांनी ते वाचून झोप उडवून घेऊ नये.

जमलं तर अ‍ॅडमिशनच्या आधीच पुढच्या गोष्टी विचारून लिहून ठेवा. पेशंटला आणि डोनरला हिपॅटायटिस बी कधी होऊन गेला आहे का, आणि त्यात फक्त सरफेस अँटिजेन नाही तर कोअर अँटिबॉडीसुद्धा तपासली आहे का (जुना दबलेला व्हायरस फक्त कोअरमध्येच दिसतो असं बऱ्याचदा होतं). फेरिटिन किती आहे, म्हणजे आधीच्या रक्ताच्या पिशव्यांमुळे शरीरात लोह किती साठलंय. लिव्हरला आधी काही त्रास, फॅटी लिव्हर, दारू, हे मोकळेपणाने सांगायचं, इथे लाजण्यात काही अर्थ नाही. केमोमध्ये बुसल्फान आहे का, पूर्ण शरीराला रेडिएशन आहे का, आणि आधीच्या उपचारात इनोटुझुमॅब किंवा जेमटुझुमॅब ही इंजेक्शनं झाली होती का. ही दोन नावं मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लिव्हरच्या बारीक नळ्या बंद होण्याचा जो त्रास आहे त्याचा धोका यांनी बराच वाढतो, आणि पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलमधून आला असेल तर हे कागद मागे राहतात.

अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड, सगळे त्याला अर्सोच म्हणतात, ही गोळी बऱ्याच ठिकाणी केमोच्या आधीपासून सुरू करून साधारण ३ महिने देतात, लिव्हरच्या संरक्षणासाठी. तोंड आलेलं असताना ती गिळवत नाही आणि पेशंट म्हणतो राहू दे आजच्या दिवस. राहू द्यायची नाही, नर्सला सांगा, सिरप मिळेल का विचारा.

पायरी २ : वही

मोबाईलमध्ये लिहा नाहीतर साध्या वहीत, पण एका जागी. वजन हॉस्पिटलमध्ये सकाळ-संध्याकाळ दोनदा, त्याच काट्यावर, शक्यतो त्याच कपड्यात, सकाळचं लघवी झाल्यावर आणि खाण्याआधी. पेशंटला उठवत नाही म्हणून वजन टाळलं जातं, आणि नेमकं ज्या दिवशी उठवत नाही त्याच दिवशीचं वजन सगळ्यात महत्त्वाचं असतं. पोटाचा घेर बेंबीच्या रेषेत टेपने, टेप कुठून जाते तिथे पेनने बारीक खूण करून ठेवली की रोजचं माप जुळतं.

जुलाब मोजण्याची अनेकांना किळस वाटते, सवय होते. मापाच्या खुणा असलेलं भांडं कमोडमध्ये ठेवायचं, लघवी आधी वेगळी करून घ्यायची, नाहीतर दोन्ही मिसळून आकडा फुगतो आणि त्या आकड्यावर कोणी जीव्हीएचडीचं स्टिरॉइड ठरवलं तर? डायपर असेल तर कोरड्या डायपरचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे ढोबळ एक मिली. किती वेळा, किती मिली, रंग, रक्त, शेंबडासारखं काही, रात्री झोपेतून उठावं लागलं का, एवढं लिहायचं. त्याच्या शेजारी तोंडातून काय आणि किती गेलं, उलटी झाली तर औषध घेतल्यावर किती वेळाने. अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी परत द्यायची का हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, आपल्या मनाने दुसरा डोस देऊ नका, फोन करून विचारा.

पायरी ३ : पहिले दोन आठवडे, केमोचा मार

केमो आणि रेडिएशन भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात आणि तोंडाच्या आतलं अस्तर, आतड्याचं अस्तर हे सगळं भराभर वाढणाऱ्यातलंच आहे. साधारण पाचव्या-सातव्या दिवसापासून तोंडात जळजळ, मग फोड, घसा सुजतो, थुंकी गिळता येत नाही, खाली पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब. याला म्युकोसायटिस म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात तो शिखरावर असतो आणि पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या की आपोआप उतरतो. पेशंटला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे "हे असंच राहणार का" ही भीती कमी होते.

मेल्फॅलान हे औषध हाय डोसमध्ये देणार असतील तर इन्फ्युजनच्या थोडं आधीपासून ते संपल्यावर काही वेळ तोंडात बर्फ चघळत ठेवायचा. साधा बर्फ, पण तोंडाकडचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि औषध तिथे कमी पोचतं, फोड कमी येतात. एवढा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय या सगळ्या प्रकरणात दुसरा नाही. मऊ ब्रश, मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्याने दिवसातून बऱ्याच वेळा चुळा, अल्कोहोलवाला माउथवॉश नको. दुखणं खूप असेल तर मॉर्फिन मागायला लाजू नका, सवय लागेल वगैरे भीतीने लोक पेशंटला तळमळत ठेवतात, ते चुकीचं आहे. फक्त मॉर्फिनने आतडी मंदावतात हे लक्षात ठेवा, अचानक जुलाब थांबले आणि पोट फुगलं तर ती सुधारणा आहे असं धरून चालू नका.

याच काळात, पांढऱ्या पेशी शून्याजवळ असताना, ताप आणि पोटात उजवीकडे खाली दुखायला लागलं तर लगेच सांगायचं. आतड्याची भिंत सुजून त्यात जंतू शिरतात, त्याला न्यूट्रोपेनिक एन्टेरोकोलायटिस किंवा टिफ्लायटिस म्हणतात, सीटी किंवा सोनोग्राफीत भिंत जाड दिसते, तोंडावाटे खाणं बंद करून अँटिबायोटिक द्यावी लागतात. पेशींचा काउंट नसताना पोट कडक होत नाही, ताप कमी असू शकतो, म्हणजे लक्षणं आजाराच्या मानाने सौम्य दिसतात.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, लोपेरामाइड वगैरे, स्टूलचा रिपोर्ट येण्याआधी स्वतःहून द्यायच्या नाहीत. क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (सी डिफ) नावाचा जंतू अँटिबायोटिक चालू असताना डोकं वर काढतो आणि तो असताना आतडी थांबवली तर विष आत साठतं. आणखी एक, या जंतूचे स्पोअर्स सॅनिटायझरने मरत नाहीत, साबण-पाण्यानेच हात धुवायचे. हॉस्पिटलमध्ये सॅनिटायझर भिंतीभिंतीवर असतो म्हणून लोक तेवढ्यावर थांबतात.

पायरी ४ : वजन वाढतंय? व्हीओडीचा विचार

हा भाग नीट वाचा. लिव्हरमध्ये अतिशय बारीक रक्तवाहिन्या असतात, सायनुसॉइड्स. केमोमुळे त्यांच्या आतल्या पेशी सुजतात, सुटून पुढे वाहत जातात आणि वाट अडवतात. मग मोरी तुंबल्यावर पाणी मागे चढतं तसं रक्त मागे तुंबतं, लिव्हर सुजतं आणि दुखतं, पोटात पाणी साठतं, किडनीला वाटतं शरीरात पाणी कमी आहे म्हणून ती मीठ-पाणी धरून ठेवते, आणि वजन वाढत जातं. रिपोर्टवर हे व्हीओडी किंवा एसओएस असं लिहिलेलं असेल, दोन्ही एकच. बहुतेक वेळा पहिल्या ३ आठवड्यांत होतं, पण उशिरासुद्धा येतं.

जुने निकष दोन आहेत. एकात बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं माप) २ किंवा जास्त हवंच आणि त्याबरोबर दुखरं वाढलेलं लिव्हर, पोटात पाणी, ५ टक्क्यांहून जास्त वजनवाढ यांपैकी दोन. दुसऱ्यात बिलिरुबिन २, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा वाढलेलं लिव्हर, आणि २ टक्क्यांहून जास्त वजनवाढ यांपैकी कोणतेही दोन, पहिल्या २० दिवसांत. लहान मुलांमध्ये तर बिलिरुबिन न वाढताही व्हीओडी होतो. म्हणजे डोळे पिवळे होण्याची वाट बघायची नाही, तसंही डोळ्यांत पिवळेपणा दिसेपर्यंत बिलिरुबिन दोनच्या वर गेलेलं असतं.

समजा पेशंटचं मूळ वजन ६० किलो. वही अशी दिसते : प्लस दहा, सकाळी ६०.४, संध्याकाळी ६१.१. प्लस अकरा, सकाळी ६१.६, प्लेटलेट दिल्या पण नंतरच्या काउंटमध्ये वाढच नाही, रात्री कूस बदलताना उजव्या बरगडीखाली दुखलं म्हणाली. प्लस बारा, सकाळी ६२.८, लघवी कालपेक्षा कमी, घेर ३ सेंटीमीटरने वाढलेला, बिलिरुबिन १.४, काल ०.८ होतं. आता बिलिरुबिन अजून दोन झालेलं नाही, सोनोग्राफीतही सुरुवातीला फार काही दिसेल असं नाही (पोर्टल व्हेन म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणारी शीर, तिच्यात रक्त उलटं वाहताना दिसतं ते बऱ्याचदा उशिराचं चिन्ह असतं), पण ६०च्या २ टक्के म्हणजे १.२ किलो, ते अकराव्या दिवशीच ओलांडलं आणि बरगडीखालचं दुखणंही आहे. असं चित्र दिसलं की त्याच वेळी सांगायचं, उद्याच्या राउंडला नाही. प्लेटलेट चढवूनही न वाढणं हा व्हीओडीचा लवकरचा इशारा आहे आणि तो घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

सौम्य असेल तर पाणी आणि मीठ मोजून देणं, लघवीचं औषध जपून, लिव्हर-किडनीला त्रास देणारी औषधं कमी करणं, एवढ्यावर बरेच जण बरे होतात. गंभीर असेल तर डेफिब्रोटाइड, शरीराच्या प्रत्येक किलोला दिवसाला २५ मिलीग्रॅम, दर ६ तासांनी दोन तासांचं इन्फ्युजन, किमान २१ दिवस. युरोपात २०१३ला आणि अमेरिकेत २०१६ला त्याला मान्यता मिळाली. रक्तस्राव वाढवू शकतं म्हणून नाकातून, लघवीतून, संडासातून रक्त दिसलं तर लगेच कळवायचं. किडनी आणि फुप्फुसंही फेल होत गेलेल्या व्हीओडीमध्ये पूर्वी ८० टक्क्यांहून जास्त पेशंट जायचे, म्हणून हे औषध लवकर सुरू होण्याला महत्त्व, आणि म्हणूनच वजनाच्या काट्याचा एवढा आग्रह.

घरच्यांकडून एक चूक नेहमी होते. पेशंटचं तोंड सुकतं, मग कोणीतरी प्रेमाने न मोजता पाणी, नारळपाणी, ज्यूस पाजत राहतं. पाणी मोजून द्यायला सांगितलंय तर ते मोजूनच.

पायरी ५ : पेशी आल्यानंतर, जीव्हीएचडी की इन्फेक्शन

पांढऱ्या पेशी वर आल्या, तोंड बरं झालं, दोन घास जायला लागले, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात किंवा त्याही नंतर परत जुलाब. अ‍ॅलो पेशंटमध्ये इथून पुढे शंभराव्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, जीव्हीएचडी. तो बहुधा तीन जागी दिसतो, कातडी, आतडी, लिव्हर. तळहात, तळपाय, कानाच्या पाळ्या लाल होणं, खाज, पुरळ हे बऱ्याचदा आधी येतं. वरच्या पोटाचा असेल तर भूकच मरते, मळमळ, उलट्या, नुसता वास आला तरी नको वाटतं, आणि घरच्यांना वाटतं नाटकं करतोय, खायचा कंटाळा. नाही हो, तो आजार असू शकतो, आणि लवकर सांगितला तर थोड्या औषधात आटोक्यात येतो.

खालच्या आतड्याचा असेल तर जुलाब, आणि इथे तुमचं मापाचं भांडं कामाला येतं. मोठ्या माणसात दिवसाला ५०० ते ९९९ मिली म्हणजे पहिली स्टेज, १००० ते १५०० दुसरी, त्याच्यावर तिसरी, आणि भयंकर दुखणं, आतडी बंद पडणं किंवा ढळढळीत रक्त असेल तर चौथी, मग मिली कितीही असो. मुलांमध्ये वजनाच्या हिशोबाने, किलोमागे १० मिलीपासून मोजायला सुरुवात. लिव्हरची स्टेज बिलिरुबिनवर ठरते : २ ते ३, मग ६ पर्यंत, मग १५ पर्यंत, मग त्यावर.

पण, आणि हा पण मोठा आहे, जुलाब म्हटलं की जीव्हीएचडीच असं नाही. सीएमव्ही व्हायरस आतड्यात बसू शकतो, आणि गंमत म्हणजे रक्तातली सीएमव्हीची पीसीआर तपासणी निगेटिव्ह असतानाही बसू शकतो. अ‍ॅडेनोव्हायरस, नोरोव्हायरस, सी डिफ आहेतच. औषधांचे जुलाब तर कोणी धरतच नाही : मायकोफेनोलेट नावाची प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी हुबेहूब जीव्हीएचडीसारखं आतडं बिघडवते. त्याच कामाच्या टॅक्रोलिमसने मॅग्नेशियम कमी होतं म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या देतात, आणि मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं. म्हणून वहीत नवीन औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढला याची तारीख हवी, तेवढ्याने कधीकधी स्कोपी (दुर्बिणीची तपासणी) वाचते.

आणखी एक आहे ज्याचं नाव घरच्यांनी ऐकलेलं नसतं, टीएमए, म्हणजे टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी, इन्फेक्शनने किंवा खुद्द जीव्हीएचडीने बारीक रक्तवाहिन्यांच्या आत इजा होते. पोटात कळा, रक्ताचे जुलाब, बीपी वाढलेलं, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं, प्लेटलेट-हिमोग्लोबिन घसरतंय. याला जीव्हीएचडी समजून नुसती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवत गेलं तर उलटंच होतं.

मग ठरवायचं कसं? बायोप्सी. दुर्बिणीतून आतडं नॉर्मल दिसलं तरी तुकडा घ्यावा लागतो, कारण जीव्हीएचडीत पेशी एकेक करून मरतात ते मायक्रोस्कोपखालीच दिसतं, आणि त्याच तुकड्यावर सीएमव्हीचा रंगही लावतात. "आधीच एवढा अशक्त, त्यात कशाला नळी घालता" ही घरच्यांची प्रतिक्रिया समजते, पण स्टिरॉइड जर इन्फेक्शनवर दिलं तर इन्फेक्शन पेटतं आणि जीव्हीएचडीला वेळेत दिलं नाही तर आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं. खालच्या टोकाची छोटी तपासणी बऱ्याचदा पूर्ण भूल न देता, फार तयारी न करता होते, त्यातूनही बऱ्यापैकी उत्तर मिळतं. प्लेटलेट कमी असतील तर आधी चढवून घेतात, पुरेशा नसतील तर रक्तस्रावाची भीती असते, विशेषतः वरून स्कोपी करताना. आणि रिपोर्ट येईपर्यंत लक्षणं वेगात वाढत असतील तर डॉक्टर स्टिरॉइड सुरूही करतील, त्यात घाई केली असं समजू नका.

उपचाराचा पहिला टप्पा स्टिरॉइड. आतड्याच्या मध्यम-गंभीर जीव्हीएचडीत मिथाइलप्रेडनिसोलोन साधारण दिवसाला किलोमागे २ मिलीग्रॅम, सौम्य वरच्या पोटाच्या त्रासाला त्याहून कमी, सोबत आतड्यातच काम करणाऱ्या ब्युडेसोनाइडसारख्या गोळ्या. तीन ते पाच दिवसांत वाढतच चाललं किंवा आठवड्यात काहीच फरक नाही तर त्याला स्टिरॉइड-रिफ्रॅक्टरी म्हणतात आणि पुढचं औषध सुरू करतात, आजकाल बहुतेक रुक्सोलिटिनिब, ज्याला अमेरिकेत या कामासाठी २०१९ला मान्यता मिळाली. म्हणून स्टिरॉइडच्या पहिल्या आठवड्यात जुलाबाचं माप एकही दिवस चुकवू नका, "फरक वाटतोय" यापेक्षा १४००, १२००, ८०० हे आकडे बोलके असतात. स्टिरॉइडने साखर वाढते, चिडचिड होते, झोप जाते, मांडीतली ताकद जाते, आणि बरं वाटलं म्हणून आपण होऊन बंद केलं तर जीव्हीएचडी परत उसळतोच, शिवाय शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं त्यामुळे बीपी पडू शकतं. डोस उतरवायचा तो त्यांनी लिहून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे.

जुलाब चालू असताना टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल वाढू शकते, आतड्याचं अस्तर खराब असलं की औषध जास्त शोषलं जातं. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. गोळी घेऊन मग रक्त दिलं तर आकडा फसवा येतो आणि त्यावर डोस बदलला जातो. गोळी खिशात घेऊन जायचं, रक्त दिल्यावर घ्यायची.

पायरी ६ : लिव्हरचा रिपोर्ट हातात आल्यावर

एकाच रिपोर्टकडे बघून घाबरू नका, तीन-चार दिवसांचे शेजारी ठेवा. एसजीपीटी-एसजीओटी भराभर वाढलेत म्हणजे लिव्हरच्या पेशींना मार बसतोय, औषधं (बुरशीवरची अझोल औषधं यात पुढे असतात), हिपॅटायटिस बी परत जागा होणं, इतर व्हायरस. अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी आणि डायरेक्ट बिलिरुबिन वाढलंय म्हणजे पित्ताच्या वाटेचा त्रास, त्यात जीव्हीएचडी, शिरेतून दिलं जाणारं पोषण जास्त दिवस चालणं, पित्ताशयात गाळ, सेप्सिस, सायक्लोस्पोरिन असं सगळं येतं. इनडायरेक्ट बिलिरुबिन एकटंच वर आणि हिमोग्लोबिन खाली असेल तर लाल पेशी फुटताहेत का ते बघतात, डोनर-पेशंटचा रक्तगट वेगळा असेल तर खासकरून. पांढऱ्या पेशी आल्यानंतर ताप हटत नाही आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढतंय, तर लिव्हर-स्प्लीनमधली कँडिडा बुरशी हाही विचार असतो, ती काउंट आल्यावरच स्कॅनवर नीट दिसायला लागते.

एका गोष्टीला मात्र पुढच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. अ‍ॅसायक्लोव्हिर (व्हायरस दाबणारी रोजची गोळी) बंद झालेलं किंवा विसरलेलं आहे, पोटात असह्य दुखतंय, एसजीपीटी एकदम हजारात गेलंय, कातडीवर काहीच नाही. हा कांजिण्यांचा व्हायरस पोटात उठलेला असू शकतो, फोड काही दिवसांनी दिसतात, तोवर उशीर होतो. म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिर किमान वर्षभर चालतं आणि "ती छोटी गोळी" म्हणून ती सोडायची नाही.

पायरी ७ : घरी आल्यावर

डिस्चार्जच्या दिवशीच २४ तास चालणारा फोन नंबर आणि रात्री कुठे जायचं ते लिहून घ्या. ३८ सेल्सियसच्या वर ताप, जुलाब ५०० मिलीच्या वर किंवा दिवसात चार-पाच वेळा, संडासात लाल रक्त किंवा डांबरासारखी काळी संडास, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, लघवी गडद आणि संडास मातकट पांढरट होणं, पोटात पाणी, औषधं पोटात न टिकणं, आणि बोलण्यात गोंधळ किंवा सतत झोप. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता फोन. ताप आल्यावर पॅरासिटामॉल देऊन बघू असं करायचं नाही, आधी मोजायचा, आधी कळवायचं. आयबुप्रोफेनच्या कुटुंबातल्या दुखण्याच्या गोळ्या घरात ठेवूच नका, प्लेटलेट आणि किडनी दोन्हींना त्या महाग पडतात.

खाण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे : यादी मोठी करण्यापेक्षा स्वच्छता कडक ठेवा. ताजं, पूर्ण शिजवलेलं, गरम. कच्चं अंडं, अर्धकच्चं मांस, न तापवलेलं दूध, कच्चे मोड, बाहेरचं कापून ठेवलेलं फळ टाळा. ग्रेपफ्रूट नाही, ते टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिनची लेव्हल वाढवतं. पोट बिघडलेलं असताना दूध आणि तेलकट कमी, थोडं थोडं पुन्हा पुन्हा, आणि आतडं बरं होताना एका दिवसात सगळं सुरू करू नका, दर दोन-तीन दिवसांनी एक-एक नवीन पदार्थ. "लिव्हर टॉनिक", वनस्पतींची चूर्णं, काढे, प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही, हे कोणी कितीही जवळच्याने आणून दिलं तरी नको. काही औषधांची लेव्हल बिघडवतात, काही थेट लिव्हरला लागतात, आणि मग एसजीपीटी वाढलं की डॉक्टर अझोल बंद करतात, गुन्हेगार वेगळाच. बरं, अझोल बंद केलं की टॅक्रोलिमसची लेव्हल घसरते आणि जीव्हीएचडीला वाट मिळते, म्हणजे एका पुडीने केवढी साखळी हलते ते बघा.

पायरी ८ : शंभर दिवसांनंतर

इथे बऱ्याच घरांत वही बंद होते. वजन आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवा, कारण आता त्रास हळू येतात. क्रॉनिक म्हणजे जुनाट जीव्हीएचडीत तोंड कोरडं, आत पांढऱ्या रेषा, तिखट सहन होत नाही, घास छातीत अडकल्यासारखा वाटतो (अन्ननलिका अरुंद होऊ शकते, ती फुगवून रुंद करता येते, सहन करत बसू नका). लिव्हरचा क्रॉनिक जीव्हीएचडी तर बऱ्याचदा नुसत्या अल्कलाइन फॉस्फटेजच्या वाढीने सुरू होतो, पेशंटला काही जाणवत नाही. संडास तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फ्लश केली तरी चिकटून राहणारी आणि खाऊनही वजन घटतंय, असं असेल तर स्वादुपिंड पाचक रस कमी बनवतंय का ते विचारा, एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणाबरोबर दिल्या की फरक पडतो.

लोहाचा विषयही आता काढायचा. रक्ताच्या प्रत्येक पिशवीत साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम लोह असतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. फेरिटिन सूज असतानाही वाढतं, त्यामुळे आकडा मोठा दिसला तर एमआरआयने लिव्हरमधलं लोह मोजता येतं. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकणं हा सोपा उपाय, नाहीतर लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्या, ज्या स्वतःच किडनी-लिव्हरला जपून द्याव्या लागतात. तोपर्यंत लोहाची टॉनिकं आणि लोह असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या बंद.

आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे किंवा होऊन गेलाय आणि त्यासाठी एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर चालू आहे, त्यांच्यासाठी : टॅक्रोलिमस बंद झालं, स्टिरॉइड बंद झालं, गोळ्यांचा डबा रिकामा होत चालला की ही गोळीही कोणीतरी बंद करतं. ती प्रतिकारशक्ती दाबणारी सगळी औषधं थांबल्यानंतरही किमान वर्षभर, बऱ्याचदा दीड वर्ष चालवतात, आणि बंद केल्यावरही काही महिने एसजीपीटी आणि व्हायरसचा डीएनए तपासत राहतात. ट्रान्सप्लांटवाले डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी नवीन डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत ही गोळी कशासाठी चालू आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत चालवायची हे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.